सासऱ्यांना रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर निघालाय, 'ऑपरेशनशिवाय शंभर टक्के बरा' ही बातमी खरी आहे का?

विटेकर_भाऊ
मंडळी नमस्कार. मी एरवी शेतीच्या आणि गाड्यांच्या धाग्यांवर असतो, आज वेगळंच घेऊन आलोय. सासरे, वय ६१, तासगाव भागात द्राक्षबाग. दारू नाही, तंबाखू होती ती पण कधीच सोडली. गेल्या छाटणीच्या आधीपासून संडासवाटे रक्त जात होतं पण माणूस कुणाला बोललाच नाही. बोलला तेव्हा गावातल्यांनी मूळव्याध म्हणून एकाकडं नेलं, त्यानं पुड्या दिल्या, दुसऱ्यानं मलम दिलं, तिसऱ्यानं सुरण खायला सांगितला, आणि मधेच रक्त थांबायचं म्हणून सगळ्यांना वाटायचं गुण आला. वजन दिसण्याइतकं उतरल्यावर मेहुण्यानं जबरदस्तीनं मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोट घालून तपासलं आणि त्याच दिवशी दुर्बीण आणि बायोप्सी. अडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. एमआरआयमध्ये टी३ एन१ लिहिलंय, म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीपार गेलीय आणि जवळच्या लिम्फच्या गाठींतही आहे, गुदद्वारापासून ६ सेंमी वर. लिव्हर आणि छातीचा सीटी क्लिअर आहे एवढीच काय ती चांगली बातमी.

आता घरात दोन फॉरवर्ड फिरतायत. एक, अमेरिकेत एका औषधानं झाडून सगळ्या पेशंटचा गुदाशयाचा कॅन्सर ऑपरेशन न करता गेला. दुसरा, रशियानं लस काढली. मेहुणा म्हणतो ऑपरेशन, रेडिएशन सगळं थांबवा, हे औषध मागवू, वेळ आली तर दोन एकर काढू. सासरे तर पोटावर पिशवी लागणार या भीतीनंच अर्धे झालेत, "पिशवी लावून बागेत कसा फिरू" एवढंच धरून बसलेत. पुढच्या आठवड्यात ट्यूमर बोर्ड का काय ते आहे, सगळे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवणार. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, उगाच धीर देणारं नको.

आण्णा_माहुली
भाऊ काळजी करू नका. रशियाची लस १०० टक्के यशस्वी झाली आहे आणि फुकट मिळणार आहे असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर आलं होतं, आतड्याच्या कॅन्सरवरच आहे म्हणे. तोपर्यंत गव्हांकुराचा रस चालू ठेवा, आमच्या शेजारच्यांना फरक पडला होता.

शस्त्र_आणि_शिवण
कराडला सर्जरी करतो, नाव-गाव विचारू नका. पेशंट न बघता इथं औषध सांगणार नाही, पण बातम्यांचं खरंखोटं सांगतो.

अमेरिकेची बातमी खरी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉ. अँड्रिया सर्सेक आणि त्यांच्या टीमनं डोस्टारलिमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध रेक्टमच्या कॅन्सरवर, गाठ लांब पसरायच्या आधीच दिलं, दर तीन आठवड्यांनी, सहा महिने. जून २०२२ ला पहिल्या १२ पेशंटचा निकाल छापून आला, बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली, ना ऑपरेशन ना रेडिएशन. तेव्हा आम्हीपण म्हणलो, बाराच आहेत, थांबून बघू. २०२५ ला त्याच लोकांनी पुढचा आकडा दिला, रेक्टमचे ४९ जण कोर्स पूर्ण करून बसले होते आणि ४९ च्या ४९ जणांची गाठ गेली. माझ्या आख्ख्या करिअरमध्ये कॅन्सरच्या पेपरात असा आकडा बघितलेला नाही.

पण. हे सगळे पेशंट एकाच जातीच्या गाठीचे होते, त्याला एमएमआर डेफिशियंट म्हणतात. पेशी वाढताना डीएनएची नक्कल निघते, त्यात चुका होतात, त्या दुरुस्त करायला शरीरात प्रथिनांची एक टीम असते, छापखान्यात प्रूफ तपासणारे असतात तशी. ज्या गाठीत ही टीमच बंद पडलेली असते तिथं चुकांचा ढीग साठतो, आणि त्यामुळं ती गाठ आपल्या प्रतिकारशक्तीला परकी दिसते, फक्त गाठीनं ब्रेक दाबून धरलेला असतो. इम्युनोथेरपी तो ब्रेक काढते. रेक्टमच्या १०० पेशंटमध्ये अशी गाठ ५ ते १० जणांचीच असते. बाकीच्यांना हे औषध एकटं देऊन बहुतेक वेळा काहीच होत नाही, खिसा तेवढा मोकळा होतो. त्यामुळं जमीन विकायच्या आधी एकच गोष्ट विचारा, बायोप्सीवर एमएमआर टेस्ट झाली का. नसेल तर ती ट्यूमर बोर्डच्या आधी करून घ्या.

आण्णा, रशियाच्या लसीचं जे आलं होतं ते प्रीक्लिनिकल म्हणजे माणसाच्या आधीच्या, प्राण्यांवरच्या चाचण्यांबद्दल होतं. १०० टक्के यशस्वी हे माणसांबद्दल नाहीये. गव्हांकुराबद्दल एवढंच, केमो चालू असताना कच्चा रस, न धुतलेला पाला नको, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, त्यात जुलाब लागले तर ॲडमिट करायची पाळी येते.

मेहुणा_तासगाव
मीच तो मेहुणा 😀 दाजींनी लिंक पाठवली म्हणून आलो. डॉक्टर, तुम्ही म्हणताय ५ ते १० टक्के, म्हणजे आमचे आप्पा त्यात असूही शकतात की. टेस्टला किती दिवस लागतात आणि परत बायोप्सी करायला लागंल काय? आप्पा परत दुर्बिणीला तयार व्हायचे नाहीत.

लॅबवाली_ताई
परत बायोप्सी नको. मी पॅथॉलॉजीत आहे, सांगते. जो तुकडा काढला तो मेणात घालून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, तो लॅबनं सांभाळून ठेवायचाच असतो. त्याच ब्लॉकचे पातळ काप घेऊन चार प्रथिनांचे रंग लावायचे, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. चारही ठिकाणी 'इंटॅक्ट' लिहून आलं तर यंत्रणा शाबूत, म्हणजे साधी गाठ. एखाद्या ठिकाणी 'लॉस' लिहून आलं तर डेफिशियंट. ही टेस्ट फार भारीतली नाही, इम्युनोच्या एका बाटलीपुढं तर काहीच नाही, आणि काही दिवसांत रिपोर्ट येतो.

दोन गोष्टी सांगून ठेवते. मुंबईला टाटात दाखवणार असाल तर नुसते कागद नेऊ नका, स्लाईड आणि ब्लॉक मागून घ्या, तिथं परत बघतात, आणि लोक रात्रभर महालक्ष्मीनं प्रवास करून परळला पोचतात आणि ब्लॉक मिरजेतच राहिलेला असतो, हे इतक्यांदा बघितलंय. दुसरं म्हणजे लॉस आला तर तो निव्वळ आप्पांचा विषय राहत नाही. रेक्टममध्ये लॉस दिसला की लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यातून आलेला दोष, असायची शक्यता बरीच असते. मग रक्ताची जेनेटिक टेस्ट, आणि तीपण पॉझिटिव्ह आली तर भाऊ, बहिणी, मुलं सगळ्यांची तपासणी. लिंचवाल्यांना २०-२५ वयापासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठं आतडं बघणं) सांगतात. बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही त्याच दोषानं होतो, त्यामुळं आत्या, मावशी कुणाला काय झालं होतं ते आधीच विचारून ठेवा, आपल्याकडं "पोटाचं काहीतरी होऊन गेली" एवढंच सांगतात.

मेहुणा_तासगाव
आज्जी खरंच पोटाचं काहीतरी होऊन गेली होती. विचारतो.

कोरेगावची_लेक
पिशवीबद्दल बोलते कारण आमच्या दादांना (वडिलांना दादा म्हणतो आम्ही) ती होती. भाऊ, तुमच्या सासऱ्यांना सांगा की पिशवी लागेल का, लागली तर कायमची का थोड्या महिन्यांची, हे अजून कुणालाच माहीत नाही. गाठ खूप खाली, संडास धरून ठेवणाऱ्या स्नायूला चिकटून असली तर कायमची लागते. वर असली की बऱ्याचदा आतडं जोडतात आणि ते जोडकाम भरून येईपर्यंत लहान आतड्याची पिशवी पोटाच्या उजव्या बाजूला काढतात, नंतर बंद करतात. आमची अशीच होती.

पहिला महिना वाईट गेला हे खोटं कशाला बोलू. पातळ सुटतं, कातडी सोलते, दादा कुणाला घरात येऊ देईनात. मग एका स्टोमा नर्सनं, म्हणजे पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सनं, पोटावरच्या भोकाचं माप घेऊन पिशवीची प्लेट बरोबर कापायला शिकवलं आणि निम्मा त्रास तिथंच संपला, प्लेटचं भोक मोठं कापलं की मैला कातडीला लागतो एवढंच कारण होतं. पाणी आणि मीठ फार जातं म्हणून नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएस लागतं. आणि बागेत फिरायचं म्हणाल तर दादा पिशवी लावून माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चाललेत, सदऱ्याखाली कुणाला कळलं पण नाही, ज्यांना कळलं त्यांनी पाया पडून घेतलं 😄 दादा भडकले होते.

पिशवी बंद झाल्यावर मात्र कुणी सांगत नाही ते सांगते, लगेच पहिल्यासारखं होत नाही. दिवसातनं खूप वेळा जावं लागतं, घाई लागते, हळूहळू बसतं. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं असतं तर आम्ही इतके हबकलो नसतो.

बेदाणा_किंग
मी बी तासगावचाच. एक विचारू का, हे द्राक्षावरच्या फवारणीमुळं होतं का ओ? आमच्या भागात हल्ली दर घरटी एक कॅन्सर ऐकू येतोय. का मटणानं?

शस्त्र_आणि_शिवण
एका माणसात कशानं झाला हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या गोष्टी पक्क्या माहीत आहेत त्या म्हणजे वय, घराण्यातला इतिहास, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठं काम, जेवणात चोथा कमी. मटणाचं म्हणाल तर डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ ला सॉसेज, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे त्यानं कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे. साधं लाल मांस त्याच्या खालच्या गटात, 'बहुधा' असं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा मूळ धोक्याच्या वर १८ टक्के आहे, शंभरातल्या १८ जणांना होतो असं नाही. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला घाबरून जाऊ नका, रोज मात्र नको. फवारणी तोंड बांधून, हातमोजे घालून करा, त्याला कॅन्सरचंच कारण लागतं असं नाही.

तरुण पोरांमध्ये हा कॅन्सर बऱ्याच देशांत वाढतोय हे खरं. २०२५ ला नेचरमध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास आला. काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, त्याच्या खुणा चाळिशीच्या आतल्या पेशंटच्या गाठींमध्ये सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडल्या. ह्या खुणा बहुतेक लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांत उमटतात असा त्यांचा अंदाज. अजून त्यावर औषध-बिवषध काही नाही. आमच्यासाठी त्याचा उपयोग एवढाच की तिशीतला पोरगा रक्ताची तक्रार घेऊन आला तर "एवढ्या वयात कुठला कॅन्सर" म्हणून परत पाठवायचं नाही.

निवृत्त_सिस्टर
नोकरी सरकारी दवाखान्यात काढली, आता वाईला असते. डॉक्टर, तुम्ही सगळे नवीन औषधांवर बोलताय पण मला विटेकरांच्या पहिल्या पोस्टमधलं छाटणीच्या आधीपासूनचं रक्त सतावतंय. इतक्या जणांनी बघितलं, पुड्या दिल्या, आणि एकानंही हातमोजा घालून बोट घातलं नाही! ६ सेंमीवरची गाठ बहुतेक वेळा बोटाला लागते. ना मशीन लागतं ना पैसे. पेशंट लाजतो आणि बघणारा त्याहून लाजतो. बायकांचं तर विचारूच नका, रक्त गेलं तर पाळी जाताना होतंय म्हणून सोडून देतात.

आणि मूळव्याध असली म्हणजे कॅन्सर नाही असं थोडंच आहे, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. माझा हिशोब साधा होता. चाळिशीपुढं रक्त, किंवा कुठल्याही वयात रक्त आणि त्याबरोबर संडासची सवय बदललेली, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कारण नसताना कमी, संडासला जाऊन आलं तरी पोट साफ झालं नाही असं सारखं वाटणं, तर दुर्बीण. पुरुषाचं हिमोग्लोबिन ८-९ आलं आणि लोहाच्या गोळ्या देऊन पाठवला, असे कितीतरी बघितले, ते रक्त कुठं चाललंय हे विचारायला नको का.

साताऱ्याचा_पंत
सिस्टर, मग सरकार तपासणी का करत नाही? तोंडाची, स्तनाची करतात की आशाताई.

निवृत्त_सिस्टर
आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच आहे, आतड्याचं नाही. आपल्याकडं या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानानं कमी आहे, म्हणून सगळ्यांना दुर्बीण परवडणारी नाही असं धोरण, आणि ते अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, आधी ज्यांना रक्त जातंय त्यांना तरी वेळेत दुर्बीण मिळू दे. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी सुरू करा म्हणतात, आधी ५० होतं.

पण दुर्बीणच पाहिजे असं नाही. संडासच्या नमुन्यात न दिसणारं रक्त शोधायची एक टेस्ट आहे, फिट म्हणतात. जुन्या टेस्टला मांस, बीट बंद ठेवायला लागायचं, हिला पथ्य नाही. स्पेनमध्ये ५७ हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना कोलोनोस्कोपीचं बोलावणं, निम्म्यांना दर दोन वर्षांनी फिट. २०२५ ला दहा वर्षांचा निकाल लॅन्सेटमध्ये आला, मृत्यूच्या बाबतीत फिट मागं पडली नाही. आणि गंमत बघा, फिटला लोक जास्त आले. घरी डबी भरून द्यायची, कोण नाही म्हणतंय.

फक्त एक, ज्याला डोळ्यांना रक्त दिसतंय त्यानं निगेटिव्ह फिटवर निवांत बसायचं नाही. त्याची जागा दुर्बिणीखालीच.

लॅबवाली_ताई
बरोबर. आणि "रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळतो" वाल्या जाहिरातींबद्दल पण लिहिते, आमच्याकडं रोज विचारणा असते. अमेरिकेत जुलै २०२४ ला शील्ड नावाच्या रक्ततपासणीला मंजुरी मिळाली, थेंबावर भागत नाही. आतड्याचा कॅन्सर असेल तर १०० पैकी ८३ वेळा पकडते, वाईट नाही. पण कॅन्सर व्हायच्या आधीची जी मोठी गाठ, पॉलिप, ती पकडायचं प्रमाण १३ टक्के. आणि दुर्बिणीचा खरा फायदाच तो आहे की पॉलिप तिथल्या तिथं कापून टाकता येतो आणि पुढचा कॅन्सरच होत नाही. आपल्याकडं जे शंभर कॅन्सरचं एकच पॅकेज विकतात त्यातल्या बऱ्याच जणांकडं असले अभ्यासच नसतात, साध्या सीईए या रक्ततपासणीची किंमत वाढवून विकतात. सीईए हे निदानासाठी नाहीच, आधी वाढलेलं असेल तर उपचारानंतर लक्ष ठेवायला.

विटेकर_भाऊ
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. रिपोर्ट आला. चारही इंटॅक्ट. म्हणजे ते औषध आमच्यासाठी नाही. मेहुणा दिवसभर बोलला नाही, पण संध्याकाळी म्हणाला निदान जमीन तरी वाचली.

बोर्डानं सांगितलं की आधी पाच दिवस रेडिएशन, मग केमो, कॅपॉक्स म्हणाले (सलाईन आणि गोळ्या मिळून), मग परत एमआरआय आणि दुर्बीण, आणि मग ऑपरेशनचं बघू. "बघू" म्हणजे काय ते कळलं नाही. आम्हाला वाटलं टाळतायत. आधी कापून काढायचं सोडून एवढे महिने गाठ आत ठेवायची?

शस्त्र_आणि_शिवण
टाळत नाहीत, उलट हीच अलीकडची पद्धत आहे. टोटल निओॲडजुव्हंट म्हणतात, म्हणजे रेडिएशन आणि केमो सगळंच ऑपरेशनच्या आधी. ऑपरेशननंतर माणूस थकलेला, पिशवी सांभाळतोय, मग केमो अर्धवट राहते, म्हणून ती आधीच उरकायची. २०२० च्या रॅपिडो अभ्यासात हाच पाच दिवसांचा शॉर्ट कोर्स आणि मग केमो होती. ऑपरेशननंतर काढलेल्या तुकड्यात कॅन्सरचा मागमूसही नाही असे २८ टक्के निघाले, जुन्या पद्धतीत १४. लांब पसरायचं प्रमाणही कमी. त्याची दुसरी बाजूपण सांगतो, पाच वर्षांनी त्याच जागी परत गाठ येण्याचं प्रमाण शॉर्ट कोर्सवाल्यांत थोडं जास्त दिसलं. त्यामुळं काही ठिकाणी पाच आठवड्यांचं लांब रेडिएशन पसंत करतात. तुमच्या बोर्डाला हा प्रश्न जरूर विचारा, चिडणार नाहीत, आणि चिडले तर दुसरं मत घ्या.

आता त्यांचं ते "बघू". गाठ औषधांनीच पूर्ण गेली, बोटाला लागत नाही, दुर्बिणीत पांढरा व्रण तेवढा दिसतोय, एमआरआय साफ, तर ऑपरेशन न करता कडक लक्ष ठेवायचं. वॉच अँड वेट. हे ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी धाडसानं सुरू केलं, २००४ ला त्यांचा पेपर आला तेव्हा जगभरच्या सर्जननी त्यांना वेड्यात काढलं होतं. नंतर अमेरिकेत ओप्रा नावाचा अभ्यास झाला, त्यात जवळपास निम्म्या लोकांचा रेक्टम वाचला, आणि त्या गाठी बहुतेक आपल्यासारख्याच साध्या होत्या, डेफिशियंट नव्हे. म्हणजे आप्पांना ते चमत्काराचं औषध नाही पण पिशवी टळायची संधी शिल्लक आहे. खात्री नाही, संधी.

अट मात्र कडक आहे. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोट, दुर्बीण, मधे मधे एमआरआय, कारण गाठ परत उगवली तर जवळपास नेहमी याच काळात उगवते आणि वेळेत सापडली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. द्राक्षाचा सीझन आहे, पाडव्यानंतर बघू, असं करणाऱ्या माणसाला मी हा पर्याय देत नाही. मी तोंडावर सांगतो, तुम्हाला यायला जमणार नसेल तर ऑपरेशन करून घ्या.

मेहुणा_तासगाव
मी नेतो. सीझन असू दे न्हाईतर पूर येऊ दे, मी नेतो. आयर्विन पुलावरनं पाणी गेलं तर मागनं नेतो.

यवतेश्वर_चढ
उशिरा वाचतोय. मी स्वतः तिसऱ्या स्टेजचा पेशंट, कोलनचा (मोठ्या आतड्याचा), रेक्टमचा नाही. कॅपॉक्सच घेतलंय म्हणून दोन-चार गोष्टी.

ऑक्झॅलिप्लॅटिनच्या सलाईननंतर काही दिवस गार कशाला हात लावायचा नाही, फ्रीज उघडायचा नाही, गार पाणी प्यायचं नाही. बोटात, घशात करंट बसल्यासारखं होतं. तुमचे आप्पा थंडीत पहाटे बागेत जाणार असतील तर हातमोजे, मफलर सक्तीचं करा. आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, मला तर चहाचा कप धरवायचा नाही. तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलं की आपल्याच दिल्लीच्या एम्सनं यावर भारी अभ्यास केलाय, आपण पाठदुखीला लावतो ते डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल. दिवसातनं दोनदा हातांना लावलं तर जास्त त्रास होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरनं ३.८ वर आलं. २०२४ ला मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय. ट्यूबची किंमत काय तर किरकोळ. डॉक्टरांना विचारून लावा पण विचारा नक्की.

केमो संपल्यावर चालणं. जून २०२५ ला चॅलेंज नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, ८८९ पेशंट, कोलनचं ऑपरेशन आणि केमो झालेले. निम्म्यांना नुसतं व्यायामाचं पुस्तक दिलं, निम्म्यांना तीन वर्षं माणूस मागं लावून व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणारे ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९. आठ वर्षांनी जिवंत असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२. औषध कंपनीनं एवढा फरक दाखवला असता तर लाखाला विकलं असतं! मी अजिंक्यतारा चढतो, आधी अर्ध्यातनं परत यायचो, आता वर जाऊन येतो. यवतेश्वराचा घाट अजून नावातच आहे.

साताऱ्याचा_पंत
आणि ॲस्पिरिन? आमच्या मित्राच्या डॉक्टरांनी सुरू केलंय म्हणे.

शस्त्र_आणि_शिवण
सप्टेंबर २०२५ चा स्वीडन आणि शेजारच्या देशांचा अभ्यास. ऑपरेशननंतर रोज १६० मिग्रॅ ॲस्पिरिन, तीन वर्षं, कॅन्सर परत यायचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण तेपण ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए नावाच्या जनुकाच्या मार्गातला बदल आहे त्यांनाच, तिथं तपासलेल्यांपैकी साधारण ३७ टक्के. परत तेच, आधी गाठीची टेस्ट मग औषध. मनानं घेऊ नका, पोटातून रक्तस्राव होतो ॲस्पिरिननं, आणि केमो चालू असताना प्लेटलेट कमी असतात तेव्हा तर अजिबात नाही.

आण्णा_माहुली
एवढं कळलं की प्रत्येक गाठीची कुंडली वेगळी. पण डॉक्टर, मी वाचलं टाटाच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी एकदम कमी डोसमध्ये, स्वस्तात देऊन दाखवली. मग ती आप्पांना का नको?

शस्त्र_आणि_शिवण
आण्णा, हे वाचन मात्र चांगलं आहे. टाटानं निव्होलुमॅबचा अगदी छोटा, २० मिग्रॅचा डोस देऊन २०२२ ला चांगला निकाल दाखवला, पण तो तोंड-घशाच्या, बऱ्याच पुढच्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये. रेक्टमच्या साध्या गाठीत पूर्ण डोसनंच काम होत नाही तर कमीनं कुठून होणार. मात्र उद्या कुणाचा रिपोर्ट 'लॉस' आला आणि पैशाची अडचण असली तर टाटासारख्या ठिकाणी चालू ट्रायल आहे का हे जरूर विचारावं.

कोरेगावची_लेक
पैशाचं निघालंच आहे तर भाऊ, महात्मा फुले योजनेत केमो, रेडिएशन, ऑपरेशनची पॅकेजं आहेत. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा, आमचं एका काना-मात्र्यावरनं अडलं होतं. मुंबईला जायची वेळ आलीच तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या पेशंटची सोय होते.

विटेकर_भाऊ
कागदं जमवली. सोमवारी रेडिएशनचं प्लॅनिंग आहे. आप्पांना पालखीचं वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या माणसाला विचार सदरा कुठल्या मापाचा शिवला होता. मेहुणा ३८ चा आहे, त्यानं आता काय तपासायचं?

लॅबवाली_ताई
रिपोर्ट इंटॅक्ट आलाय म्हणजे लिंचची भीती बरीच कमी झाली. तरी वडिलांना झाला म्हणून मुलांनी चाळिसाव्या वर्षी सुरू करायचं, किंवा वडिलांचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. त्यांचं चाळीसच. पण रक्त वगैरे काही दिसलं तर आजच.

बेदाणा_किंग
सगळा धागा वाचला. मला बी दिवाळीपासनं मधनं मधनं जातंय रक्त. वय ४४. मूळव्याध हाय माहितीच हाय तशी, वडिलांना बी होती. शनिवारी बेदाण्याचा सौदा हाय, तो झाला की जातो.

निवृत्त_सिस्टर
सौदा मुलगा नाहीतर भाऊ बघेल. उद्या सकाळी जा. वडिलांना खरंच मूळव्याधच होती का, हेही डॉक्टरांना सांगा.

बेदाणा_किंग
बरं बाई, जातो. ते कोलोनोस्कोपीच्या आधीचं पाणी लई बेकार असतं म्हणत्यात?

यवतेश्वर_चढ
बेकारच असतं, खोटं नाही. गार करून, स्ट्रॉनं, हळूहळू प्यायचं, मधनं लिंबू चाटायचं. आदल्या दिवशी डाळिंब, टोमॅटो, बियांचं काही नको, आणि कोकम सरबत अजिबात नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. शहाळं चालतं. आणि पावडर प्यायल्यावर घराबाहेर पडू नका, एसटीत तर बसूच नका.